चिमणीला हात लागला तर?

“पिल्लाला हात लावू नकोस रे, चिमण्या त्याला वाळीत टाकतील!” हा आजीचा हुकूम लहानपणी ऐकला नाही असा मराठी माणूस विरळाच. परिणाम असा, की घरट्यातून पडलेले पिल्लू अंगणात तडफडत राहते आणि मांजराचे आयतेच फावते!

पक्ष्यांना वास येतो, हे खरे. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतले तेल ते चोचीने पिसांना चोपडतात. शिरूर-दौंडच्या माळावरचा तुरेवाला हुदहुद पाहा. विणीच्या दिवसांत त्याच्या मादीच्या तेलाला अशी दुर्गंधी सुटते, की घरट्यापाशी जाणाऱ्याने नाक धरावे! पण त्याच तेलातले जंतू अंड्यांचे रक्षण करतात. दक्षिण समुद्रावरचा प्रायन पक्षी तर आपल्या जोडीदाराचा वास परक्याच्या वासातून अचूक निवडतो, असे २००४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसून आले.

मग माणसाच्या हाताचे काय? वास ओळखणे वेगळे आणि पोटच्या पोराला टाकणे वेगळे. हात लागला म्हणून चिमण्या पिल्लाला टाकीत नाहीत. चारा भरवीतच राहतात. वाळीत टाकण्याची चाल माणसांची. ती चिमण्यांच्या माथी कशाला?

तेव्हा वाचकहो, उघडेबोडके पिल्लू पडलेले दिसले तर ते अलगद उचलून घरट्यात ठेवा. पिसे फुटलेली असतील तर जवळच्या झुडपात ठेवा. आणि मुख्य म्हणजे, लगेच दूर व्हा. आईबाप बिचकतात ते आपल्या घुटमळण्याला!