‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे, बॉस!

‘मी फ्रीलान्सर’ म्हटलं की लोकांना त्यातला ‘फ्री’च ऐकू येतो. मग ‘एक छोटंसं आर्टिकल देशील का गं?’ सुरू! पण ‘लान्स’ म्हणजे भाला, राव. सर वॉल्टर स्कॉटच्या १८१९ सालच्या ‘आयव्हॅन्हो’ कादंबरीतले ‘फ्री लान्सेस’ हे चक्क भाडोत्री सैनिक. फ्री म्हणजे कुणा एका धन्याला न बांधलेले, फुकटे नव्हेत. शिवकाळातही हाच फंडा होता. बारगिराला घोडा सरकारी, शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. तुमचा लॅपटॉप कंपनीचा? मग तुम्ही बारगीर. माझा हप्त्यांवर घेतलेला, म्हणजे मी शिलेदार! आमच्या घोड्याचा चारा म्हणजे ब्रॉडबँडचं बिल. ते मात्र एकाही एडिटरने अजून दिलेलं नाही.