हाफटाइमला माणूस बदलायचा, तर दुसरा तयार हवा ना!



'धाडसी निर्णय' या विषयावर बोलताना बरेच ट्रेनर एका मॅचचं उदाहरण देतात. मॅच भारी आहे, पण त्यातून काढला जाणारा धडा मला पटत नाही.

८ जानेवारी २०१८, अटलांटा. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलची फायनल, अलाबामा विरुद्ध जॉर्जिया. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नाही बरं का, अंडाकृती चेंडू हातात घेऊन पळायचा. यात क्वार्टरबॅक म्हणजे टीमचा मेंदू. चेंडू फेकायचा कुणाकडे, हे तो ठरवतो.

हाफटाइमला जॉर्जिया १३-० ने पुढे. अलाबामाचे कोच निक सेबन यांनी आपला क्वार्टरबॅक जेलेन हर्ट्स याला बसवलं. दोन सीझन जवळजवळ सगळ्या मॅच जिंकून देणारा पोरगा! त्याच्या जागी आणला तुआ टागोवायलोआ, कॉलेजच्या पहिल्या वर्षातला. तुआने स्कोअर २०-२० पर्यंत आणला. ओव्हरटाइममध्ये जॉर्जियाने तीन पॉइंट घेतले. मग तुआला पकडून १६ यार्ड मागे पाडलं. आणि पुढच्याच चेंडूला त्याने डेव्होंटा स्मिथकडे ४१ यार्डांचा पास फेकला. टचडाउन! अलाबामा २६-२३ ने चॅम्पियन.

लोक म्हणतात, बघा, काय डेरिंग! मी म्हणतो, डेरिंग नंतर, आधी तयारी बघा. तुआ काही प्रेक्षकांतून उचलून आणला नव्हता. सीझनभर टीम मोठ्या फरकाने पुढे असली की त्याला उतरवायचे. म्हणजे चूक झाली तरी परवडेल अशा वेळी त्याला शिकू दिलं.

आता तुमच्या धंद्याकडे या. टेलरिंगचं दुकान असेल तर कटिंग मास्टर एकच. केटरिंग असेल तर हेड आचारी एकच. ऐन लग्नसराईत तो गावाला गेला की तुमचा घाम निघतो. तेव्हा कितीही धाडस असलं तरी उतरवणार कुणाला? दुसरा माणूस तयार करायचा तो मंदीच्या महिन्यात. छोटी ऑर्डर त्याच्या हातात द्या, बिघडली तर नुकसान शेकड्यांत जाईल, लाखांत नाही.

"सर, शिकवलं की तो स्वतःचं दुकान टाकतो," हे तुम्ही म्हणणारच. टाकतात काही जण, खरं आहे. पण सगळी कला एकाच्या हातात असेल तर तुमचं दुकान आजच त्याच्या मर्जीवर चाललंय. यातली मोठी रिस्क कुठली, तुम्हीच ठरवा.

आणि गोष्टीचा दुसरा भाग तर कुणी सांगतच नाही. बसवलेल्या हर्ट्सचं काय झालं? तो लगेच दुसऱ्या कॉलेजला गेला नाही, पुढचा सीझन राखीव म्हणून थांबला. १ डिसेंबर २०१८ ला एसईसी या त्यांच्या विभागाची फायनल होती. तेच स्टेडियम, समोर तीच जॉर्जिया. तुआ जखमी झाला. शेवटच्या क्वार्टरमध्ये टीम सात पॉइंटने मागे असताना हर्ट्स आत आला, आणि अलाबामा ३५-२८ ने जिंकली. त्यानंतर तो ओक्लाहोमाला गेला आणि २०२५ मध्ये सुपर बोलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आता बोला, बसवलेला माणूस 'संपलेला' असतो का?

आपल्याकडे काय होतं? जुन्या माणसाला बदल कळतो तो सकाळी त्याच्या खुर्चीत दुसरा बसलेला दिसल्यावर. चारचौघांत त्याचा पाणउतारा होतो. मग तो निघून जातो, सोबत दहा गिऱ्हाईकं घेऊन. जागा बदलायची तर आधी त्याला एकट्याला समोर बसवून कारण सांगा. पगार आणि मान तोच ठेवा. उद्या तुमचा नवा माणूस आजारी पडला, तर फोन त्यालाच करायचाय!

तर आज एक काम करा. दुकानातली पाच महत्त्वाची कामं कागदावर लिहा आणि प्रत्येकासमोर दोन नावं टाका. दुसरं नाव सुचत नसेल, तिथेच तुमचा धंदा अडकणार आहे. उद्यापासून सुरुवात तिथूनच करा.