तिपानी हिरवळ

निसर्गाच्या दप्तरी ‘तण’ असा शब्द नाही. तो शब्द मनुष्याचा आहे. शेतकरी एखाद्या वनस्पतीला तण म्हणतो, तेव्हा तिने त्याच्या पिकाचे अन्न व पाणी पळविलेले असते. म्हणून त्याचा निवाडा बहुधा न्याय्य असतो. परंतु कधी कधी एखाद्या वनस्पतीवर हा शिक्का बसतो तो तिच्या अपराधामुळे नव्हे, तर लोकांची आवड बदलल्यामुळे. इंग्लंड, अमेरिका आणि कॅनडा या देशांत घरापुढील हिरवळीत वाढणाऱ्या पांढऱ्या क्लोव्हरच्या वाट्याला असाच अन्याय आला. त्या अन्यायाची किंमत मात्र क्लोव्हरपेक्षा मनुष्यालाच अधिक मोजावी लागली.

क्लोव्हर ही मेथीची नातेवाईक. मेथीप्रमाणेच तिच्या एका देठावर तीन पर्णिका असतात आणि प्रत्येक पर्णिकेवर बहुधा फिकट रंगाची एक कमान उमटलेली असते. पांढऱ्या क्लोव्हरचे खोड उभे वाढत नाही; ते जमिनीवरून सरपटत जाते व पेऱ्यापेऱ्याला मुळे धरते. त्यामुळे थोड्याच काळात जमीन हिरव्या चादरीने झाकली जाते. वीतभर उंचीच्या आतच तिची वाढ थांबते, आणि उन्हाळा लागला की त्या चादरीवर पांढऱ्या फुलांचे लहान लहान गेंद डुलू लागतात. तीनऐवजी चार पर्णिका असलेले पान सापडले तर ते भाग्याचे लक्षण, असे समजून युरोपातील मुले कुरणांतून ते शोधीत हिंडतात.

युरोपच्या शेतीत या कुळाला फार जुना मान आहे. अठराव्या शतकात इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात सलगम, जव, क्लोव्हर आणि गहू अशी चार पिकांची फेरपालट रूढ झाली. क्लोव्हरने गुरांना चारा दिला आणि मागून येणाऱ्या गव्हासाठी जमीन कसदार करून ठेवली. सुखासमाधानात असलेला मनुष्य ‘क्लोव्हरमध्ये आहे’ असे इंग्रजी भाषेत म्हणतात, ते उगीच नव्हे!

जमीन कसदार होते ती कशी, याचा उलगडा १८८६ ते १८८८ च्या सुमारास हेलरीगेल व विल्फार्थ या जर्मन शास्त्रज्ञांनी केला. शेंगा धरणाऱ्या वनस्पतींच्या मुळांवर बारीक गाठी असतात व त्या गाठींत सूक्ष्म जंतू राहतात. हवेत नत्रवायू विपुल असतो, पण झाडांना तो तसाच घेता येत नाही. हे जंतू त्याचे रूपांतर झाडाला घेता येईल अशा अन्नात करतात, आणि मोबदला म्हणून झाड त्यांना साखर पुरविते. तेच काम करण्यासाठी कारखान्यांत प्रचंड दाब आणि प्रखर उष्णता निर्माण करावी लागते. क्लोव्हरच्या मुळाशी ते मुकाट्याने, मातीच्या साध्या उबेत चालते. क्लोव्हरची जुनी मुळे व कापलेली पाने कुजली म्हणजे त्यांतील नत्र शेजारच्या गवताला मिळतो.

हे ज्ञान महाराष्ट्रातील शेतकऱ्याला परके वाटणार नाही. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या बेवडावर पुढचे पीक जोमाने येते, हे त्याने प्रयोगशाळेवाचून ओळखले आहे. बेवडाचा हा गुण इंग्लंडमधील घरापुढच्या हिरवळीत क्लोव्हर वर्षानुवर्षे दाखवीत होते.

ती हिरवळ मुळात श्रीमंतांच्या वाड्यांपुढची. गवत आखूड ठेवण्यासाठी तेथे मेंढ्या चारीत, किंवा लांब दांड्याची कोयती घेऊन मजूर राबत. १८३० मध्ये एडविन बडिंग या इंग्रज कारागिराने गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट मिळविले. लोकरी कापडावरील लव कातरणारे यंत्र पाहून त्याला ही कल्पना सुचली होती. पुढे हे यंत्र स्वस्त झाले आणि वाड्यापुढची हिरवळ मध्यम स्थितीतील गृहस्थाच्या अंगणात आली. त्या काळी, आणि पुढेही दुसऱ्या महायुद्धापर्यंत, हिरवळीसाठी विकल्या जाणाऱ्या बियाण्याच्या अनेक मिश्रणांत पांढऱ्या क्लोव्हरचे बी आवर्जून घातलेले असे. क्लोव्हर असलेली हिरवळ ही चांगली हिरवळ, अशीच लोकांची समजूत होती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ‘२,४-डी’ नावाचे तणनाशक तयार झाले आणि १९४५ नंतर ते बाजारात आले. त्याचा गुण असा, की ते गवताला इजा न करता रुंद पानांच्या वनस्पती मारते. हिरवळीतील नको असलेली रोपे उपटण्याचे श्रम त्याने वाचविले. म्हणून गृहस्थांनी त्याचे स्वागत केले. परंतु त्या औषधाला वैरी आणि सोबती यांतील भेद कळत नव्हता. त्याने इतर रोपांबरोबर क्लोव्हरही मारले. मग औषधाचा हा दोष मानण्याऐवजी लोकांनी वनस्पतीलाच दोष दिला. जे मरते ते तण, असा उलटा न्याय रूढ झाला. एकाच जातीचे, एकाच रंगाचे आणि एकाच उंचीचे गवत हेच सौंदर्याचे माप ठरले, आणि कालचे मोलाचे बी आजचा कलंक होऊन बसले.

याचा परिणाम खर्चात दिसू लागला. क्लोव्हर गेले तेव्हा फुकट मिळणारा नत्र गेला. तो पोत्यांतून विकत आणावा लागला. खताने गवत भराभर वाढले, म्हणून ते वारंवार कापावे लागले. आणि हिरवेपणा टिकावा म्हणून पाणीही अधिक द्यावे लागले. जादा टाकलेले खत पावसाबरोबर वाहून तळ्यांत गेले व तेथे शेवाळ माजले. ही गोष्ट एकट्यादुकट्या अंगणाची असती, तर तिचा एवढा विचार करण्याचे कारण नव्हते. परंतु २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपग्रहांनी घेतलेल्या चित्रांच्या आधारे, अमेरिकेतील हिरवळींचे क्षेत्र सुमारे १ लाख ६३ हजार चौरस किलोमीटर असावे असा अंदाज करण्यात आला. हे क्षेत्र महाराष्ट्राच्या निम्म्याहून अधिक भरते. एवढ्या भूमीवर धान्य पिकत नाही, गुरे चरत नाहीत. आणि क्लोव्हरही उगवू द्यायचे नाही, असा आग्रह धरण्यात आला!

या आग्रहाची झळ मधमाश्यांनाही लागली. निव्वळ गवताच्या हिरवळीत मधमाशीला खाण्याजोगे काही नसते. गवताची फुले वाऱ्यावर विसंबलेली असतात व त्यांत मध नसतो. क्लोव्हरचे मात्र मधमाशीवाचून चालत नाही. चार्ल्स डार्विन यांनी पांढऱ्या क्लोव्हरचे २० गेंद मोकळे ठेवले, तेव्हा त्यांतून २,२९० बिया मिळाल्या. दुसरे २० गेंद मधमाश्यांपासून झाकून ठेवले, तर त्यांत एकही बी धरले नाही. न्यूझीलंडमध्ये लाल क्लोव्हरचे बी पुरेसे धरेना, म्हणून १८८५ मध्ये इंग्लंडहून मोठ्या केसाळ मधमाश्या जहाजाने नेऊन तेथे सोडाव्या लागल्या. फूल आणि माशी यांचा संबंध इतका घट्ट आहे. ज्या अंगणात क्लोव्हर फुलते, ते अंगण या कष्टाळू जिवांचे अन्नछत्र होते, आणि त्याच माश्या शेजारच्या फळझाडांवर जाऊन तेथील फळेही वाढवितात.

क्लोव्हरविरुद्ध काही तक्रारी आहेत आणि त्या खोट्या नाहीत. अनवाणी खेळणाऱ्या मुलांना फुलांवरची मधमाशी डंख करील, ही भीती खरी आहे. ज्या घरात कोणास माशीच्या डंखाने गंभीर त्रास होत असेल, तेथे दारापुढे क्लोव्हर लावू नये, हेच बरे. रोजच्या धावपळीचे व चेंडूच्या खेळाचे मैदान असेल, तर तेथे गवतच टिकते. क्लोव्हर पुष्कळ तुडविले गेले तर विरळ होते. कडक हिवाळ्यात त्याची पाने झडून जमीन उघडी पडते. काही वर्षांनी रोपे जुनी होतात आणि पुन्हा थोडे बी टाकावे लागते. पाण्यावाचून ते जगते असेही नाही. दीर्घ अवर्षणात तेही सुकते.

परंतु या तक्रारींवरून क्लोव्हर हद्दपार करावे असे ठरत नाही. त्याला योग्य जागा द्यावी, एवढेच ठरते. खेळण्याच्या कोपऱ्यात फुले उमलताच ती कापून टाकता येतात. राहिलेल्या अंगणात गवत आणि क्लोव्हर एकत्र वाढविणे हा सर्वांत शहाणपणाचा मार्ग होय. गवत तुडविणे सोसते, क्लोव्हर गवताला खत पुरविते. एक दुसऱ्याची उणीव भरून काढते. एकट्या गवताच्या हिरवळीपेक्षा आणि एकट्या क्लोव्हरच्या हिरवळीपेक्षाही अशी मिश्र हिरवळ अधिक काळ व कमी खर्चात टिकते.

अशी हिरवळ करणे अवघड नाही. थंड हवेच्या देशांत वसंत ऋतूत जमीन दाताळ्याने हलकी उकरावी. क्लोव्हरचे बी फार बारीक असते. एका ग्रॅममध्ये दीड हजारांच्या आसपास बिया भरतात. म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळून विखरावे, म्हणजे सारखे पडते. गवताच्या बियाण्यात वजनाने शंभरात पाच भाग क्लोव्हर पुरेसे होते. बी खोल पुरू नये. मातीचा पातळ थर पुरे. रोपे वर येईपर्यंत जमीन ओलसर ठेवावी. पुढे गवत अगदी मुळापासून न कापता सात-आठ सेंटीमीटर राखावे, आणि नत्राचे खत मुळीच देऊ नये. कारण त्या खताने गवत माजते व क्लोव्हर मागे हटते. तणनाशकाला तर तेथे प्रवेशच नसावा.

लोकमतही हळूहळू या बाजूस वळत आहे. कॅनडातील मॉन्ट्रियल शहराजवळच्या हडसन या लहान गावाने १९९१ मध्ये, केवळ शोभेसाठी विषारी औषधे फवारण्यास आळा घालणारा नियम केला. फवारणीचा व्यवसाय करणाऱ्यांनी त्याविरुद्ध दाद मागितली. परंतु २००१ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाचा अधिकार मान्य केला. त्यानंतर क्वेबेक प्रांताने २००३ मध्ये व ऑन्टॅरिओ प्रांताने २००९ मध्ये त्याच दिशेने पावले टाकली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने २०१९ मध्ये, घरच्या हिरवळीत क्लोव्हर व मधमाश्यांना उपयोगी इतर फुलझाडे लावणाऱ्या रहिवाशांना साहाय्य देण्याची योजना आखली. ज्या वनस्पतीला घालविण्यासाठी लोक पैसे खर्च करीत, तिला परत आणण्यासाठी आता सरकार पैसे देते, हा काळाचा मोठाच महिमा!

म्हणून महाराष्ट्रातील प्रत्येक अंगणात क्लोव्हर पेरावे, असा अर्थ कोणी काढू नये. ही थंड हवेची वनस्पती आहे. विदर्भ-मराठवाड्यातील वैशाखाचे ऊन तिला मानवणार नाही. परदेशी गवताच्या मागे धावणे ही जशी चूक, तशीच परदेशी क्लोव्हरच्या मागे धावणे हीही चूकच ठरेल. घ्यावयाचा तो तिच्या कहाणीतील बोध. महाराष्ट्रातील हरळीकडेच पाहावे. तीच वनस्पती शेतात शिरली तर शेतकरी तिला मुळासकट खणून काढतो. अंगणात पसरली तर तिला हिरवळ म्हणतात. आणि गणपतीच्या पूजेच्या ताटात ती दूर्वा होऊन मस्तकी चढते. वनस्पती एकच, पण स्थान बदलले की तिची योग्यता बदलते. शेतकरी हरळी खणतो, कारण ती त्याचे नुकसान करते. अंगणातील क्लोव्हरने कोणाचे काय नुकसान केले होते, हा प्रश्न मात्र फवारा हाती घेणाऱ्यांपैकी फार थोड्यांनी विचारला.

तोच प्रश्न प्रत्येक बागेत विचारला गेला पाहिजे. एखादे रोप उपटण्यापूर्वी ते काय घेते आणि काय देते, याचा हिशेब करावा. जमीन, पाणी, माशी आणि मनुष्य या सर्वांचा विचार करून जी शोभा टिकते, तीच खरी शोभा होय. सारखेपणा डोळ्यांना क्षणभर सुखवितो, पण त्याच्या पोषणासाठी खत, पाणी व विष यांचा अखंड रतीब घालावा लागतो. गवताच्या शेजारी क्लोव्हरला जागा देणारी हिरवळ थोडी ठिपकेदार दिसेल, तिच्यावर पांढरी फुले डुलतील, माश्या गुणगुणतील. परंतु ती स्वतःचे अन्न स्वतः मिळवील आणि इतरांनाही देईल. ज्या अंगणाने घेण्याबरोबर देण्याचेही व्रत पत्करले, तेच अंगण खऱ्या अर्थाने संपन्न म्हणावे.