विश्वास हा सौदा नव्हे

देवावर भरवसा कसा ठेवावा हे शिकवणारा एक मोठा पंथ अमेरिकेत आहे. त्याचा पूर्वपक्ष असा: देवाला आपली लेकरे समृद्ध हवी आहेत, तुम्ही विश्वासाने दान द्या, तोंडातून अशुभ काढू नका, मग पैसा आणि आरोग्य मिळणारच, मिळाले नाही तर तुमचा विश्वास उणा पडला. टल्सा शहराच्या ओरल रॉबर्ट्स यांनी दानाला बियाण्याची उपमा दिली आणि दूरचित्रवाणीवरून ती घरोघर पोचली. आता ती आपल्या मराठी प्रार्थनासभांतही ऐकू येते. कोणी साक्ष द्यायला उभे राहते: दशांश वाढवला आणि ग्रीन कार्ड आले. सगळे आमेन म्हणतात. ज्याचे ग्रीन कार्ड वर्षानुवर्षे आलेले नाही तोही तिथेच बसलेला असतो. आपला देव आपल्यावर नाराज आहे, एवढेच त्याला त्या साक्षीतून कळते.

यात थोडा अतिरेक आहे, पण मूळ शिकवण बरोबर आहे, असे म्हणणारे भले लोक पुष्कळ भेटतात. मला ती मुळातच खोटी वाटते.

त्यांचे शास्त्राधार पाहू. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशांश भांडारात आणा आणि मग माझी प्रचीती घ्या, अशा अर्थाचे देवाचे वचन आहे, हे खरे. पण त्याच अध्यायात, त्याच्या जरा आधी, मजुराची मजुरी बुडवणाऱ्यांवर आणि विधवा, पोरके व परदेशी यांना नाडणाऱ्यांवर देव स्वतः साक्षीदार म्हणून उभा राहतो. शिवाय दर तिसऱ्या वर्षीचा दशांश कोणासाठी, हे अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात स्पष्ट आहे: लेवी, परदेशी, पोरके आणि विधवा यांनी पोटभर जेवावे म्हणून. या वचनावरून व्यासपीठावर पैसे मागणाऱ्यांनी ही माणसे गाळली आहेत. दुसरा आधार मार्कचा. येशूसाठी घरदार सोडणाऱ्याला शंभरपट मिळेल, हे ते सांगतात. त्याच वाक्यात येशूने छळही मिळेल असे म्हटले आहे, ते सांगत नाहीत. आणि मंदिराच्या शिखरावरून उडी टाक, देव झेलील, हा सल्ला शुभवर्तमानात कोणी दिला ते आठवावे. येशूने तो नाकारला.

या पंथाचा इतिहास लिहिणाऱ्या, ड्यूक विद्यापीठाच्या केट बोलर यांचे 'ब्लेस्ड' हे पुस्तक 2013 साली आले. दोनच वर्षांनी, वयाच्या पस्तिशीत, त्यांना चौथ्या टप्प्यातील आतड्याच्या कर्करोगाचे निदान झाले. लहान मूल घरात असलेल्या त्या बाईला 'विश्वास वाढव' म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचे?

पण मराठी माणसाने या प्रश्नाचे उत्तर शोधायला ड्यूक विद्यापीठापर्यंतही जायला नको. पंडिता रमाबाईंनी हा सौदा येशूचे नाव ओठी येण्याच्याही आधी, स्वतःच्या घरात पाहिला होता. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी तीर्थयात्रा, पुराणकथन आणि दानधर्म यांत सर्वस्व ओतले. देव प्रसन्न होईल, धन देईल, ही आशा होती. दुष्काळ आला तेव्हा कुटुंब उपाशी राहिले. मजुरी करायला शिकलेले नव्हते, मागायला अभिमान आडवा येत होता. वडील, आई, बहीण, एकामागून एक गेले. पुढे रमाबाईंनी हे सगळे आपल्या साक्षीत लिहून ठेवले. मला यात कोणत्याही एका धर्माची निंदा दिसत नाही. देवाला ऋणको मानणारी वृत्ती सगळ्या धर्मांत आहे, आणि ती मरते ती माणसे सोबत घेऊनच.

1886 च्या मार्चमध्ये आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या. त्या ख्रिस्ती झाल्याला तेव्हा तीन वर्षेही झाली नव्हती. विधवा मुलींसाठी शाळा काढायची होती. मग त्यांनी काय केले? बालोद्यान पद्धत शिकल्या. 'द हाय-कास्ट हिंदू वुमन' लिहिले, गावोगाव व्याख्याने दिली, आणि डिसेंबर 1887 मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. तिने दहा वर्षे मदत करण्याचे कबूल केले. 11 मार्च 1889 रोजी मुंबईत शारदासदन उघडले.

इथे दुसरा प्रतिपक्षी उठतो. तो बुद्धिवादी आहे, आणि त्याचा आक्षेप जास्त वजनदार आहे: यात देव कुठे आला? हे तर डॉलर होते. रमाबाईंचा विश्वास म्हणजे बॉस्टनच्या श्रीमंतांची उदारता.

मी त्याला उलट विचारतो: 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून सुमारे तीनशे मुली घेऊन त्या आल्या, तेव्हा त्या मुलींसाठी कोणी पैसे कबूल केले होते? असोसिएशनची मदत शारदासदनापुरती होती. केडगावच्या माळरानावर मुक्ती ही त्यांची संस्था उभी राहिली ती आधी खर्चाची तजवीज करून नव्हे. ब्रिस्टलच्या जॉर्ज म्युलरचे चरित्र वाचून रमाबाई असे जगायला शिकल्या होत्या. सावध माणूस आधी निधी जमवतो आणि मग मुली आणतो. त्यांनी मुली आधी आणल्या, कारण मुली मरत होत्या. पैसे माणसांच्याच हातून आले, यात विश्वासाला बाध येत नाही. देव माणसांच्या हातून देतो, हेच तर आम्ही म्हणतो. त्या केडगावात हातमाग चालला, छापखाना चालला, शेती झाली. प्रार्थना पहाटे होत असे, आणि दिवसभर काम.

समृद्धीच्या हिशेबाने मात्र रमाबाई नापास ठरतात. पती 1882 मध्ये पटकीने गेला. एकुलती मनोरमा, मुक्तीची भावी सूत्रधार, जुलै 1921 मध्ये आईच्या हयातीतच गेली. रमाबाई बायबलच्या मराठी भाषांतराचे काम पुढे नेत राहिल्या आणि एप्रिल 1922 मध्ये वारल्या. त्यांचा विश्वास कमी पडला असे म्हणायला मी धजत नाही, आणि कोणी म्हणू नये.

सौदा न करणाऱ्या अशा विश्वासाचे आणखी एक उदाहरण अमेरिकेतच आहे. 27 जानेवारी 1956 च्या रात्री, मॉन्टगमरीत, धमकीचा फोन आल्यावर मार्टिन लूथर किंग स्वयंपाकघरात कॉफी समोर ठेवून बसले आणि आपले बळ संपले असे त्यांनी देवाला सांगितले. त्यांना आश्वासन मिळाले. तीनच दिवसांनी त्यांच्या घरावर बाँब पडला. पत्नी आणि तान्ही मुलगी आत होत्या, त्या वाचल्या. बाँब पडणार नाही, असे ते आश्वासन नव्हतेच. शहरातल्या वर्णभेदी बसवरचा बहिष्कार 381 दिवस चालला, आणि त्या दिवसांत कृष्णवर्णीय मंडळ्यांनी लोकांना कामावर पोचवण्यासाठी गाड्यांची व्यवस्था केली. कोणत्या कोपऱ्यावरून किती वाजता कोणाला घ्यायचे, हे ठरवणे हासुद्धा येशूच्या मागे चालण्याचाच भाग होता.

आज आपल्या मंडळीतल्या एखाद्याची नोकरी जाते. एच-1बी व्हिसा असेल तर नवी नोकरी शोधायला जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात. घराचे हप्ते, मुलांची शाळा, गावाकडच्या आईचे औषध, सगळे त्या साठ दिवसांत अडकते. त्याला 'अजून पेर' म्हणणे हे क्रौर्य आहे, ते कितीही गोड आवाजात म्हटले तरी. त्याच्याबरोबर प्रार्थना करावी, आणि नोकरी मिळेलच असे वचन देवाच्या वतीने देऊ नये, कारण तो अधिकार आपल्याला नाही. मग वकिलाची फी कोण भरणार, महिन्याचे भाडे कोण भरणार, आपल्या कंपनीत त्याचा अर्ज कोण पोचवणार, हे त्याच बैठकीत ठरवावे. दशांश असतो तो याचसाठी. पाळकांनी त्याचा जमाखर्च दरवर्षी मंडळीसमोर उघडा वाचावा, आणि अशा घरांसाठी किती गेले ती ओळ सर्वांत आधी वाचावी.