फुकटच्या उन्हाचा हिशेब

ऊन फुकट, मग सौर वीजही फुकटच, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. विद्यार्थी मित्रहो, त्यांच्याशी वाद घालू नका, कागद-पेन्सिल घ्या.

एक चौरस मीटरच्या चांगल्या सौर पॅनेलपासून भर उन्हात सुमारे २०० वॉट, म्हणजे निरभ्र दिवसात साधारण १ युनिट वीज मिळते. पॅनेल २५ वर्षे टिकते. पण दिवा लागतो रात्री! म्हणून बॅटरी हवी. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत १.८ युनिट मावतात. ती टिकवायची तर रोज निम्मीच वापरावी. किंमत १५,००० रुपये व आयुष्य ४ वर्षे धरून भागाकार करा. नुसती साठवणच युनिटला ११ रुपयांवर जाते! लिथियमची बॅटरी अधिक टिकते, पण महागही असते. शिवाय आषाढात तीन दिवस आभाळ भरून राहिले तर?

म्हणून दारात आलेली तार तोडणे मला शहाणपणाचे वाटत नाही. पॅनेल जरूर बसवा, पण तारेला जोडून. सातपुड्यातील ज्या पाड्यावर तारच पोहोचलेली नाही, तेथे मात्र तुलना रॉकेलच्या चिमणीशी आहे. तेथे हा खर्च रास्त आहे. अट एकच. नव्या बॅटरीसाठी महिना सुमारे ३१० रुपये कोण बाजूला टाकणार, हे पॅनेल बसवण्यापूर्वीच ठरावे. नाहीतर चार वर्षांनी पॅनेल छपरावर तळपत राहते आणि खाली मुले पुन्हा चिमणीपाशी अभ्यासाला बसतात.