तीन पिना आणि एक पासवर्ड

ट्रॅक्टर हा विषय काढला की आपल्या कॉलेजात दोन प्रकारचे चेहरे दिसतात. मेकॅनिकलवाल्यांना आय. सी. इंजिनची ओरल आठवते आणि कॉम्प्युटरवाल्यांना वाटतं, ह्याच्याशी आपला काय संबंध? गंमत अशी की आजचा मोठा ट्रॅक्टर जितका मेकॅनिकलचा आहे तितकाच कॉम्प्युटरचा झाला आहे. उपग्रहाच्या सिग्नलवर दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सरळ तास धरणारं स्टिअरिंग, किती डिझेल कधी सोडायचं ते ठरवणारा ईसीयू, कुठल्या ओळीत किती बी पडलं ते दाखवणारा मॉनिटर... सेमिनारमध्ये हे सगळं ऐकायला झकास वाटतं. मलाही वाटतं. पण ट्रॅक्टर किती हुशार झाला, ह्यापेक्षा तो बंद पडल्यावर कोणाला उघडता येतो, हा प्रश्न माझ्या मते जास्त मोठा आहे.

ह्यासाठी आधी थोडं मागे जाऊ. ट्रॅक्टरच्या इतिहासातली सगळ्यात मोठी सुधारणा कोणती असं मला विचारलं, तर मी जीपीएसचं नाव घेणार नाही. मी मागच्या तीन पिनांचं नाव घेईन. आयर्लंडचा हॅरी फर्ग्युसन ह्याने १९२० च्या दशकात नांगर ट्रॅक्टरला तीन ठिकाणी जोडायची पद्धत काढली आणि १९३९ मध्ये ती फोर्डच्या ९एन ह्या ट्रॅक्टरवर आली. दोन लोअर लिंक, वर एक टॉप लिंक. नांगर जमिनीत जास्त रुतला की टॉप लिंकवर दाब वाढतो, तो दाब हायड्रॉलिकच्या वाल्वपर्यंत पोचतो आणि लिफ्ट नांगराला किंचित वर घेते. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे हलका ट्रॅक्टरही चाक न घसरता ओढतो. एकही चिप नाही, एकही वायर नाही. पण फीडबॅक कंट्रोलचं ह्याहून सोपं उदाहरण आपल्या पुस्तकातही नसेल!

ह्या जोडणीवरून कोर्टकज्जेही झाले. १९५२ मध्ये फोर्डला फर्ग्युसनशी तडजोड करून साडेब्याण्णव लाखांच्या आसपास डॉलर मोजावे लागले. पण पुढे पेटंटांची मुदत सरली आणि ती जोडणी सगळ्या जगाची झाली. आज तिची मापं आयएसओ ७३० ह्या प्रमाणात दिलेली आहेत. पीटीओचंही तसंच. मिनिटाला ५४० फेरे, सहा स्प्लाइनचा ३५ मिलिमीटरचा शाफ्ट. म्हणूनच तालुक्याच्या गावी वेल्डिंगच्या दुकानात बनलेला कल्टिवेटर लाल ट्रॅक्टरलाही लागतो, निळ्यालाही आणि हिरव्यालाही. एका कंपनीचा रोटाव्हेटर दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरवर बिनबोभाट फिरतो. आपल्याकडची अवजारांची दुकानं, फिटर, भाड्याचे ट्रॅक्टर हा सगळा पसारा ह्या तीन पिनांवर आणि ५४० च्या आकड्यावर उभा आहे. कोणाची परवानगी लागत नाही, हेच त्याचं बळ.

आता नव्या ट्रॅक्टरकडे या. इथे पिनांच्या जागी पासवर्ड आला आहे. अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची तक्रार नेमकी हीच आहे. सेन्सर बिघडतो, मशीन आपोआप मंद होते किंवा थांबते, आणि बिघाड काय आहे हे वाचण्याचं पूर्ण सॉफ्टवेअर मात्र अधिकृत डीलरकडेच. बरेच वर्षांच्या भांडणानंतर जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअर कंपनीने तिथल्या फार्म ब्युरोशी दुरुस्तीबाबत करार केला. त्याच वर्षी कोलोरॅडो राज्याने शेती यंत्रांच्या दुरुस्तीच्या हक्काचा कायदा केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. तरी वाद मिटला नाही. जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ह्याच कंपनीविरुद्ध दुरुस्तीची मक्तेदारी केल्याचा दावा कोर्टात दाखल केला. कंपनीने आरोप नाकारले आहेत.

दुसरं एक उदाहरण पाहा. २०२२ मध्ये युक्रेनच्या मेलितोपोल शहरातून रशियन सैनिकांनी महागडी शेती यंत्रं पळवली, पण ती दुरूनच लॉक करण्यात आल्यामुळे चोरांच्या उपयोगी पडली नाहीत, अशी बातमी तेव्हा आली. वाचून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या. पण जे कुलूप दुरून चोरावर लागतं, ते मालकावरही लागू शकतं, हे विसरून कसं चालेल?

तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या हजार एकरवाल्यांचं रडगाणं आम्हाला कशाला? आपल्याकडे २०१५-१६ च्या कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी जमीन १.३४ हेक्टर, म्हणजे जेमतेम सव्वातीन एकर. बहुतेक लहान शेतकरी ट्रॅक्टर विकत घेतच नाहीत, तासावर किंवा एकरावर भाड्याने लावतात. मग त्यांचा काय संबंध? माझ्या मते जास्तच आहे. इथे एक ट्रॅक्टर म्हणजे एकाचं शेत नसतं, वीस-पंचवीस जणांची पेरणी असते. पाऊस पडून उघडीप मिळाली की वाफशाचे मोजके दिवस हातात असतात. त्यात ट्रॅक्टर चार दिवस डीलरच्या इंजिनियरची वाट बघत उभा राहिला, तर नुसतं मालकाचं भाडं बुडत नाही, सगळ्या वस्तीची पेरणी मागे पडते.

आणि हे दिवस लांब नाहीत. १ जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या ट्रॅक्टरना भारतात ट्रेम-४ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले. त्यामुळे त्या गटात कॉमन रेल इंजिन आणि ईसीयू आले. जुन्या पंपाच्या ट्रॅक्टरमध्ये एअर धरली तर गावातला मेकॅनिक बोल्ट ढिला करतो, हातपंप मारतो, एअर काढतो आणि चहा पिऊन निघून जातो. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर प्रेशर असतं. तिथे चालू इंजिनचा पाइप ढिला करणं म्हणजे जिवाशी खेळ. तिथे पान्याबरोबर प्रशिक्षण लागतं आणि फॉल्ट कोड वाचायचं यंत्रही लागतं. आपले बहुसंख्य ट्रॅक्टर अजून ५० एचपीच्या आतले आहेत. म्हणजे नियम ठरवायला आपल्याला थोडी सवड आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा शेती यंत्रं हे तिच्या पहिल्या चार क्षेत्रांत होतं. सुरुवात बरी आहे, पण पुढे रेटायला हवी.

कंपन्यांची बाजूही ऐकू. सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं तर लोक प्रदूषणाची यंत्रणा बंद पाडतील, एचपी वाढवतील, अपघात होतील, असं त्या म्हणतात. ह्यात तथ्य आहे. पण बिघाड वाचणं वेगळं आणि प्रोग्रॅम बदलणं वेगळं. इंजिनचा मॅप लॉक करा, कोणाची हरकत नाही. फॉल्ट कोड वाचणं, सेन्सर बदलणं आणि बदललेला सेन्सर ट्रॅक्टरने ओळखणं, एवढं तरी कुठल्याही शिकलेल्या मेकॅनिकला योग्य किमतीत जमलं पाहिजे. डॅशबोर्डवर नुसता लाल दिवा लावण्यापेक्षा मराठीत ‘डिझेल फिल्टरमध्ये पाणी’ असं लिहून यायला काय अडचण आहे?

ह्यात आपण काय करणार, असं विचाराल तर करण्यासारखं बरंच आहे. इंजिनच्या कॅन बसवरच्या संदेशांसाठी जे१९३९ हे प्रमाण आहे, अवजारांसाठी आयएसओ ११७८३, म्हणजे आयसोबस आहे. हे आजच्या काळातले तीन पिनांचे भाऊ! काहीशे रुपयांचं कॅन मॉड्यूल आणि एक मायक्रोकंट्रोलर घेतला, तर ह्या प्रमाणाप्रमाणे बोलणाऱ्या इंजिनचे सर्वसाधारण फॉल्ट कोड वाचून मराठीत दाखवता येतात. फायनल इयरला तोच तो लाइन फॉलोअर रोबो सबमिट करण्यापेक्षा हा प्रोजेक्ट काय वाईट? मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी एकत्र बसावं. आपल्या वर्कशॉपमधल्या सरांनी सुट्टीत तालुक्यातल्या ट्रॅक्टर मेकॅनिकांचा दोन दिवसांचा वर्ग घेतला, तर कॉलेजचं नाव कुठल्याही फेस्टपेक्षा जास्त होईल.

शेवटी एक सांगतो. सणसवाडी असो की नागपूर, ट्रॅक्टरचे कारखाने आपल्याच राज्यात आहेत आणि प्लेसमेंटला त्या कंपन्यांत जाणारे आपल्यापैकीच असणार. उद्या ते कुलूप घालणारा कोड कदाचित ह्याच होस्टेलवर राहिलेला कोणीतरी लिहील. लिहिण्याआधी त्याने मीटिंगमध्ये एवढंच विचारावं, ‘साहेब, हा ट्रॅक्टर शेतात बंद पडला तर जवळच्या मेकॅनिकला चालू करता येईल का?’ कारण सर्व्हिस इंजिनियर सोमवारी येतो म्हणाला, म्हणून वाफसा सोमवारपर्यंत थांबत नाही.