संगणकाशी गट्टी : नवी विंडोज कधी घालायची?

मित्रांनो, संगणक सुरू केला की पडद्यावर पाटी झळकते, 'आता नवी विंडोज घ्या!' आपण काय करतो? फुलीवर टिचकी मारतो आणि खेळ सुरू! बाबा म्हणतात, "चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" ताई म्हणते, "सगळ्यांकडे ११ आहे, आपणच मागे." दोघांचंही थोडं बरोबर, थोडं चूक.

'विंडोज १०' आली २०१५ साली. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने तिची नेहमीची देखभाल थांबवली. म्हणून त्या दिवशी संगणक बंद पडले का? छे! गाणी वाजत राहिली, प्रकल्प छापले गेले. पण त्यानंतर यंत्रणेत एखादं भोक सापडलं, तर ते बुजवणारं ठिगळ आपोआप येत नाही. वर्षभराची जादा मुदत दिली, पण तीही नाव नोंदवणाऱ्यांनाच.

एवढ्याशा ठिगळाने काय होतं म्हणता? मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाचा उपद्रवी प्रोग्रॅम जगभर पसरला. फायलींना कुलूप लावायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा! इंग्लंडमधल्या रुग्णालयांना रोग्यांच्या ठरलेल्या तारखा रद्द कराव्या लागल्या. आणि ते भोक बुजवणारं ठिगळ मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं बरं का! अनेकांनी ते लावलंच नव्हतं.

मग आजच बदलायची? थांबा! उद्या प्रकल्प द्यायचा असेल, तर आज मुळीच नको. सुटीचा दिवस धरा आणि आईला किंवा बाबांना शेजारी बसवा. आधी फोटो, हिशेब, तुमचे निबंध बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवा. मग ती दुसऱ्या संगणकाला लावून दोन-चार फोटो उघडून बघा. (हे कुणी करत नाही, आणि मग रडारड होते!)

विंडोज ११ला ४ जीबी रॅम लागते. कागदावर हं! माझ्या मते ८ हवी. शिवाय ६४ जीबी जागा आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय. कधीकधी ती संगणकात असते, पण बंद ठेवलेली असते. मायक्रोसॉफ्टचा 'पीसी हेल्थ चेक' हा फुकट प्रोग्रॅम सगळं तपासून सांगतो. 'नाही' म्हणाला तर संगणक भंगारात काढू नका. 'लिनक्स मिंट' फुकट मिळते. फक्त बाबांचा हिशेबाचा प्रोग्रॅम तिच्यावर चालेल का, ते आधी विचारा.

११ घातल्यावर पटली नाही, तर साधारण १० दिवसांत जुनीवर परतता येतं. तेव्हा प्रिंटर पहिल्याच दिवशी चालवून बघा, अकराव्या दिवशी नको!